चेहऱ्यांचा चित्रकार : सर विल्यम रोथेनस्टाईन

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका इंग्रज चित्रकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन ठेवतो. दिल्लीतील मराठी वसाहतीचा इतिहास हा पुष्कळ अंशी सरकारी कचेऱ्यांचा आणि सेनादलांचा इतिहास आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर गणवेशातील एखादे छायाचित्र आहे. कोणाचे काका हवाई दलात होते, कोणाचे वडील पालमच्या तळावर तंत्रज्ञ होते, कोणाचा मुलगा आज विमान चालवीत आहे. त्या छायाचित्राकडे पाहताना एक गोष्ट सहज लक्षात येते. गणवेश, पदके आणि विमान यांची माहिती कोठेही मिळते. जपावयाचा असतो तो चेहरा. ही गोष्ट ज्याने आयुष्यभर मानली, आणि उतारवयात युद्धाच्या ऐन धामधुमीत वैमानिकांचे चेहरे कागदावर उतरविले, अशा चित्रकाराची ही कथा आहे. त्याचे आयुष्य अजिंठ्याच्या लेण्यांनाही स्पर्श करून गेले आहे, हे आपल्या दृष्टीने आणखी एक अगत्याचे कारण.

विल्यम रोथेनस्टाईन यांचा जन्म 29 जानेवारी 1872 रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ब्रॅडफर्ड येथे झाला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. वडील मॉरिट्झ हे जर्मनीतून येऊन तेथे स्थायिक झालेले ज्यू व्यापारी होते. परमुलखात जाऊन घर उभारणे, तेथील भाषा आपली करणे आणि तरीही आपले नाव व आपला वंश न विसरणे, हा अनुभव या कुटुंबाला चांगला परिचयाचा होता. आम्हा दिल्लीकर मराठी मंडळींना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मुलाचे लक्ष शाळेत नव्हते, ते रेषेत होते. सोळाव्या वर्षी, 1888 साली, विल्यम लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाले. तेथे आल्फाँस लग्रो या फ्रेंच गुरूने त्यांच्या हाताला शिस्त लावली. रेखाटन हाच कलेचा पाया, ही लग्रो यांची शिकवण. पुढच्याच वर्षी ते पॅरिसला गेले आणि ज्युलियन अकादमीत शिकू लागले. त्या काळचे पॅरिस म्हणजे चित्रकारांची काशी. देगा, व्हिस्लर, तुलूझ-लोत्रेक, रोदँ अशा थोरांचा सहवास या कोवळ्या तरुणाला लाभला. माणसे जोडण्याची कला त्यांना उपजतच अवगत होती, आणि जोडलेल्या माणसाला समोर बसवून त्याचे चित्र काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

1893 साली इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातील नामांकित व्यक्तींची शिलामुद्रित चित्रमालिका हाती घेतली, आणि तेथून व्यक्तिचित्र हाच त्यांच्या आयुष्याचा मुख्य धर्म ठरला. 1899 साली अॅलिस न्यूस्टब या अभिनेत्रीशी त्यांचा विवाह झाला. पुढे शेकडो लेखक, कवी, शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी त्यांच्यासमोर बसले. लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात त्यांची दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे आहेत. त्यांची पद्धत साधी होती. मागे देखावा नाही, हातात मानचिन्ह नाही, बहुधा शरीरही अर्धेच. सारे लक्ष कपाळ, डोळे आणि ओठ यांच्यावर.

आता आपण 1910 सालाकडे वळू. त्या वर्षाच्या जानेवारीत लंडनमधील एका सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी, भारतात ललित कला म्हणून काही नाहीच, असे प्रतिपादन केले आणि एका बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. हे बर्डवुड म्हणजे कोणी भारताला अनोळखी गृहस्थ नव्हते. त्यांचा जन्म बेळगावचा, उमेदीची वर्षे मुंबईत गेलेली, आणि भारतीय हस्तकौशल्यावर त्यांचे प्रेमही होते. म्हणूनच हा शेरा अधिक झोंबला. त्याचा प्रतिवाद करणारे तेरा कलावंत व विद्वानांच्या सह्यांचे पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस टाइम्स वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्या खटपटीत रोथेनस्टाईन पुढे होते. याच वर्षी हॅवेल, आनंद कुमारस्वामी आदींसह त्यांनी इंडिया सोसायटी स्थापन केली. परंतु केवळ पत्रावर सही करून त्यांचे समाधान झाले नाही. जिची बाजू आपण घेतली ती कला प्रत्यक्ष पाहिली पाहिजे, या निश्चयाने ते त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात आले.

त्यांची पावले प्रथम अजिंठ्याकडे वळली. आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असलेली ही लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तेथे लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या विदुषी भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होत्या, आणि त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण बंगाली चित्रकार तसेच हैदराबादचे कलावंत होते. या कामामागे एक करुण इतिहास आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून नव्याने नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ 1885 साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. म्हणजे हेरिंगहॅमबाईंचा हा तिसरा मोठा प्रयत्न. भिंतीवरचा रंग दर पावसाळ्यात थोडा थोडा झडत होता आणि कागदावरची प्रत आगीत जात होती. जे नाहीसे होणार आहे ते वेळेवर उतरवून ठेवावे, हा धडा अजिंठ्याहून अधिक स्पष्टपणे कोठे मिळणार? या नकलांवर आधारलेला ग्रंथ इंडिया सोसायटीने 1915 साली प्रकाशित केला.

अजिंठ्यानंतर रोथेनस्टाईन यांनी काशीचे घाट रंगविले आणि कलकत्त्यास जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ यांची भेट घेतली. तेथे त्यांचे काका, शांतपणे बाजूला बसलेले रवींद्रनाथ, त्यांच्या दृष्टीस पडले. हा गृहस्थ कवी आहे हे कळण्यापूर्वीच त्या मुद्रेने चित्रकाराला खिळवून ठेवले, आणि त्यांनी रेखाटनाची परवानगी मागितली. या ओळखीतून जे घडले ते साहित्याच्या इतिहासात नमूद आहे. 1912 साली रवींद्रनाथ लंडनला आले. गीतांजलीच्या इंग्रजी भाषांतराची वही ज्या पेटीत होती ती पेटी भुयारी रेल्वेत विसरली गेली आणि हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतून परत मिळाली. ती वही रोथेनस्टाईन यांच्या हाती आली, त्यांनी ती कवी येट्स यांना दाखविली, आपल्या हॅम्पस्टेडच्या घरी जाणकारांना जमविले, आणि इंडिया सोसायटीतर्फे 750 प्रतींची पहिली आवृत्ती निघाली. तिच्या आरंभी त्यांनीच काढलेले कवीचे चित्र होते, आणि ग्रंथ त्यांनाच अर्पण केलेला होता. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका चेहऱ्याकडे नीट पाहिल्याचे हे फळ म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले आणि या जर्मन नावाच्या इंग्रज माणसाची कसोटी लागली. जर्मन म्हणून जे जे दिसे त्याविषयी तेव्हा इंग्लंडमध्ये संशय माजला होता. त्यांच्या चार्ल्स व अल्बर्ट या दोन्ही भावांनी 1916 साली आपले आडनाव बदलून रदरस्टन असे इंग्रजी वळणाचे केले. विल्यम यांनी मात्र वडिलांचे नाव सोडले नाही. याच नावानिशी ते सरकारी युद्धचित्रकार म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि उद्ध्वस्त गावांची चित्रे काढून परतले.

याच युद्धात मनुष्य प्रथमच आकाशात लढला. ब्रिटिश विमानदलात चार भारतीय तरुण वैमानिक म्हणून लढले: हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. इंद्रलाल रॉय स्वतः उत्तम रेखाटन करीत. अपघातानंतर रुग्णालयात असताना त्यांनी काढलेली विमानांची अनेक रेखाचित्रे शिल्लक आहेत. 22 जुलै 1918 रोजी, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, ते मारले गेले. वेलिणकर त्याच्या तीन आठवडे आधी, 30 जून रोजी, जखमांनी मृत्यू पावले आणि फ्रान्समधील हंगार गावच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. वेलिणकरांना ओळखणारी, त्यांच्या चेहऱ्याची ठेवण सांगू शकणारी पिढी आता राहिलेली नाही.

युद्धानंतर 1920 ते 1935 अशी पंधरा वर्षे रोथेनस्टाईन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे प्राचार्य होते. हेन्री मूर, बार्बरा हेपवर्थ, एडवर्ड बॉडन, एरिक रॅव्हिलियस ही त्यांच्या कारकीर्दीतील विद्यार्थ्यांची नावे. 1931 साली त्यांना सर हा किताब मिळाला. भारताशी असलेला धागा याही काळात तुटला नाही. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये मुंबईच्या कलाशाळेतील चित्रकारांनी भित्तिचित्रे रंगविली, हे दिल्लीकर मराठी माणसाला अभिमानाने ठाऊक असते. त्याच सुमारास लंडनच्या इंडिया हाउसच्या भिंती रंगविण्यासाठी चार भारतीय चित्रकार तिकडे गेले, आणि त्यांना मार्गदर्शन लाभले ते रोथेनस्टाईन यांचे.

1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. प्रकृती पूर्वीसारखी राहिली नव्हती. ग्लॉस्टरशायरमधील फार ओकरिज या खेड्यातील घरी आठवणी लिहीत बसण्यास कोणाची हरकत नव्हती. त्या आठवणींचे तीन खंड प्रसिद्धही झाले होते. परंतु त्यांनी हवाई दलाकडे जाऊन आपली सेवा देऊ केली. मला तुमच्या तळांवर जाऊ द्या, मी तुमच्या माणसांची चित्रे काढतो, एवढीच त्यांची मागणी. ती मान्य झाली, आणि हा वृद्ध चित्रकार कागद व खडू घेऊन एका तळावरून दुसऱ्या तळावर जाऊ लागला.

त्या वेळी ब्रिटनमध्ये युद्धचित्रकारांची एक सरकारी समिती केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती. वैमानिकांची चित्रे काढणारे इतरही होते. एरिक केनिंग्टन हे खडूच्या जोरकस रंगांत पुतळ्यासारखे भव्य, निश्चयी चेहरे उभे करीत. कथबर्ट ऑर्ड हे स्वतः पहिल्या महायुद्धातील वैमानिक. त्यांनी लढाऊ विमानांच्या तरुण चालकांची कोळशाने शेकडोंच्या घरात जाणारी रेखाचित्रे काढली. लॉरा नाइट या चित्रकर्तीने 1943 साली उड्डाणाच्या तयारीत असलेल्या बाँबफेकी विमानाच्या आतील दृश्य रंगविले. त्यात प्रत्येक जण आपापल्या कामात गढलेला आहे. पॉल नॅश यांना मात्र माणसापेक्षा यंत्र बोलके वाटे. पाडलेल्या जर्मन विमानांच्या सांगाड्यांचा त्यांनी रंगविलेला मृत सागर प्रसिद्धच आहे. हवाई खात्याला हवी होती माणसांची चित्रे, आणि नॅश यांची यंत्रे पाहून ते खाते नाराज झाले, हेही प्रसिद्ध आहे.

या सर्वांत रोथेनस्टाईन यांची चित्रे सर्वांत शांत आहेत. त्यांत शौर्याचा आविर्भाव नाही. विमानाचा वैमानिक असो, नकाशा पाहून दिशा सांगणारा नॅव्हिगेटर असो वा तळाचा प्रमुख असो, जो समोर बसेल त्याच्याकडे त्यांनी ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांकडे वा रवींद्रनाथांकडे पाहिले त्याच नजरेने पाहिले. बसणाऱ्याजवळ वेळ थोडा असे. कोणाला बोलावणे आले की त्याने उठून जावे, आणि चित्र तेवढेच राहावे. रेषा झटपट, अचूक आणि पुन्हा न पुसता काढण्याची तारुण्यातील शिस्त येथे कामास आली. या चित्रांपैकी चाळीस निवडून, त्यांना हवाई दलाच्या जीवनाच्या वर्णनाची जोड देऊन, 1942 साली मेन ऑफ द आर. ए. एफ. हे पुस्तक निघाले. त्यात लॉर्ड डेव्हिड सेसिल यांचाही लेख आहे.

ही घाई किती खरी होती हे आकडेच सांगतात. 1940 च्या ब्रिटनच्या लढाईत सुमारे 2,900 वैमानिक व सहकारी उतरले. त्यांतील 544 त्या लढाईतच पडले. बाँबफेकी दलाची कथा याहून भीषण आहे. युद्धकाळात त्या दलात सुमारे 1,25,000 जणांनी उड्डाणे केली आणि 55,573 परत आले नाहीत. मोठ्या विमानात सात जण असत, बहुतेक विशीतले. चित्रकारांसमोर बसलेल्यांपैकी अनेकांनी युद्धाचा शेवट पाहिला नाही. आईच्या हाती मुलाचा जो शेवटचा चेहरा आला, तो कित्येकदा कोण्या अनोळखी चित्रकाराने तासाभरात काढलेला होता.

मृत्यू केवळ बसणाऱ्यांच्याच वाट्याला आला असे नाही. रोथेनस्टाईन यांच्या कारकीर्दीत रॉयल कॉलेजमध्ये शिकलेले एरिक रॅव्हिलियस युद्धचित्रकार म्हणून आइसलँडला गेले. 2 सप्टेंबर 1942 रोजी, आदल्या दिवशी बेपत्ता झालेल्या एका विमानाच्या शोधार्थ निघालेल्या हवाई दलाच्या विमानातून तेही गेले. ते विमान परतले नाही. रॅव्हिलियस तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. ज्यांची चित्रे काढावयाची त्यांच्यासोबतच चित्रकारही गेला. प्राचार्य वृद्ध झाले आणि विद्यार्थी आधी निघून गेला, याहून दुःखद उलटापालट ती कोणती?

चरित्रकाराने केवळ स्तुती करू नये, म्हणून दोन शब्द दुसऱ्या बाजूचेही लिहितो. रोथेनस्टाईन यांच्या तारुण्यातील चित्रांत जी धार आहे ती उतारवयातील कामात सर्वत्र आढळत नाही, असे जाणकार मानतात. शिवाय ते साम्राज्याच्या काळाचे अपत्य होते. वेस्टमिन्स्टरच्या सेंट स्टीफन्स हॉलमध्ये 1927 साली पूर्ण झालेले त्यांचे भित्तिचित्र जहांगिराच्या दरबारातील सर टॉमस रो यांचे आहे, आणि ब्रिटिश सत्तेच्या पायाभरणीचे ते गौरवचित्र आहे. युद्धकाळी 1940 मध्ये 24 भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले, त्यांतील काही परतलेच नाहीत. इकडे, 8 ऑक्टोबर 1932 रोजी स्थापन झालेल्या आपल्या हवाई दलाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पराक्रम केला. परंतु या आपल्या वैमानिकांचे चेहरे बहुतांशी छायाचित्रांतच राहिले. चित्रकारांच्या समित्या लंडनमध्ये होत्या, आणि त्यांची नजर प्रथम जवळच्या माणसावर पडली. हा दोष एका माणसाचा नसून त्या व्यवस्थेचा होता. पण तो विसरूनही चालणार नाही.

युद्धाचा शेवट पाहणे सर विल्यम यांच्याही नशिबी नव्हते. 14 फेब्रुवारी 1945 रोजी, युरोपात शांतता होण्याच्या तीन महिने आधी, फार ओकरिज येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हातचे वैमानिकांचे चेहरे आज लंडनच्या संग्रहालयांत आहेत. शत्रूच्या देशाचे वाटणारे नाव धारण करून त्यांनी आपल्या देशाच्या रक्षकांना अमर केले, यातच त्यांच्या आयुष्याचे सार आले.

दिल्लीत राहणाऱ्या आम्हा मंडळींना पालमचे वायुसेना संग्रहालय दूर नाही. इंडिया गेटजवळ 2019 साली उभे राहिलेले राष्ट्रीय समरस्मारकही आपण मुलांना घेऊन पाहिले असेल. तेथे भिंतींवर नावे आहेत, हजारो नावे, आणि त्यांत महाराष्ट्राची आडनावे वाचताना आपला आवाज सहज खाली येतो. नाव वाचले की पुढचा प्रश्न मनात येतोच, हा दिसत कसा असेल? त्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमची वाचकांना एक विनंती आहे. गुरुग्रामपासून गाझियाबादपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत ज्यांनी सेनादलांत वा कचेऱ्यांत आयुष्य वेचले, आणि ज्यांनी भाड्याच्या खोलीत सतरंजी अंथरून या मंडळाची पहिली सभा भरविली, त्यांच्यापैकी जे आज आपल्यात आहेत त्यांच्यासमोर एक तास बसावे. ज्याला रेखाटता येते त्याने रेखाटावे, ज्याला लिहिता येते त्याने लिहून घ्यावे, आणि जुन्या छायाचित्राच्या मागे निदान नाव व साल तरी घालावे. सदुसष्टाव्या वर्षी खडूची पेटी घेऊन विमानतळाच्या दारी उभ्या राहिलेल्या त्या चित्रकाराने यापेक्षा निराळे काही केले नाही. उद्या बसू, असे म्हणण्याची सोय त्याच्यासमोरच्या माणसांना नव्हती. ती आपल्याला आहे, असे आपण समजतो एवढेच.